चाळीस तोळे सोने न दाखविता सोयरीक जुळल्याची हकीकत

लक्ष्मी चंचला, तीस प्रथम दंडवत. ती बसेल तेथे बसो, परंतु बसो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवशी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते आम्ही आपले डोळां देखिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण त्या घरचे बुंदीचे लाडू आम्ही अद्याप खातो. राज्य म्हणाल तर पूर्वेस रिक्षांचा नाका आणि पश्चिमेस पाण्याची टाकी, इतुकेच. परंतु रुबाब छप्पन्न गडांचा. तेथे सुभानराव राजे राज्य करीत होते, आणि त्यांच्या राणी मथुराबाईसाहेब त्यांस राज्य करू देत होत्या. राजे मनाचे मोठे, परंतु भारी उतावळे. कोणी येऊन सांगावे, महाराज, औषधांचे कारखाने तेजीत आहेत, की राजांनी एकाच कारखान्याचे शेअर ढिगाने घ्यावे, आणि घेतले की तो कारखाना बसावा. मग कोणी सांगावे, संगणकवाल्यांची चलती आहे, आणि तेथेही तीच गत व्हावी. ऐसे दोनदा तोंड पोळले तेव्हा राणीसाहेब रागे भरोन बोलिल्या, "अहो, सगळी फौज एकाच घोड्यावर कशाला बसवता? ईटीएफ घ्या." राजे विचारते जाहले, "ते आणि काय असते?" राणीसाहेब वांगी निवडीत होत्या, त्यांनी टोपलीच पुढे सारिली आणि म्हणाल्या, "ही बघा. हिच्यात बँकवाले थोडे, औषधवाले थोडे, संगणकवाले थोडे. एक वांगे किडके निघाले तर जेवण अडत नाही. अशा टोपलीचा हिस्सा बाजारात शेअरासारखाच मिळतो, बाजार उघडा असेल त्या दिवशी घ्या, त्या दिवशी विका. आता सगळी टोपलीच कधी उतरते, ते खोटे नाही, म्हणून दुसरी टोपली सोन्याची ठेवायची. तिचे खरे सोने दूर तिजोरीत, आणि आपला हिस्सा मोबाईलात. घडणावळ नाही, चोराचे भय नाही, आणि तुम्ही हरवलेली लॉकरची किल्ली मी शोधायला नको." राजे शेवटल्या वाक्यास खाली पाहते जाहले.

मग राणीसाहेबांनी दर महिन्यास थोडे थोडे करोन सोन्याच्या टोपलीचे हिस्से अंबूताईंच्या लग्नाकरिता घेतले. अंबूताई म्हणजे राजकन्या, एकुलती एक, हसरी आणि तितकीच शहाणी. अकरा वर्षे लोटली, आणि ते हिस्से चाळीस तोळ्यांच्या मोलाचे जाहले, आणि अंबूताईंचे मन सरदार जिवाजीराव यांजवर जडले, आणि जिवाजीरावांचे तर आधीच जडले होते. मग उभय घरची माणसे बसोन लग्नाच्या याद्या करू लागली, तेव्हा राजांनी छाती फुगवोन आपल्या हाते यादीत लिहिले, "मुलीच्या अंगावर सोने, चाळीस तोळे." राणीसाहेब कानाशी पुटपुटल्या, "अहो, दागिने नव्हेत ते!" परंतु राजांनी तोवर खाली सहीसुद्धा ठोकिली होती.

मग दसऱ्यास वरमाई लाडूबाईसाहेब दहा सोयऱ्यांनिशी सोने पाहावयास आल्या. दोहों हातांत पाटल्या, तोडे, गोठ, गळ्यात चपलाहार, ऐशा लखलखत आल्या की दरबारातला दिवा लावावयाचे कारण उरले नाही. दारातच त्यांनी आपट्याची पाने दिली, सोने घ्या, सोन्यासारखे राहा म्हणाल्या, आणि फराळास बसल्या. लाडू फार उत्तम जाहले होते, हे लिहिणे आमचे कर्तव्य. मग हात पुसोन वरमाई म्हणाल्या, "हं, यादीतले सोने दाखवा बघू." राजांनी मोठ्या ऐटीने मोबाईल पुढे केला आणि म्हणाले, "हे पाहावे. हिरवे दिसते आहे ना, तो नफा." वरमाईंनी मोबाईल उलटा केला, सुलटा केला, आणि कपाळास हात लाविला. "अगं बाई! चाळीस तोळे या काचेत? उद्या म्हणाल, पंगतही यातच वाढली आहे, जेवा!" सोयरे खो खो हसले. राजांचे कान लाल जाहले, आणि ते उठोन गर्जले, "आत्ता विकतो आणि सराफाकडून घडवून आणतो!" राणीसाहेब हळूच म्हणाल्या, "अहो, आज दसरा. बाजाराला सुट्टी." त्यावर लाडूबाईसाहेब ताडकन म्हणाल्या, "मग आमचीही सोयरिकीला सुट्टी! भाऊबंदांत मी काय सांगू, सून मोबाईल घालून आली? खरे सोने दिसेल त्या दिवशी मुलगा बोहल्यावर चढेल."

जिवाजीराव म्हणाले, "आई, अगं ऐक तरी," परंतु आईने हाताने गप्प केले. अंबूताईंचे डोळे भरोन आले. आम्हांसही फार वाईट वाटले, इतके की हातातला चौथा लाडू तैसाच राहिला. राणीसाहेब मात्र घट्ट उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अंबू, अत्तर लाव सगळ्यांना. रागावून का होईना, आपल्या दारातून तसे कोणी जाऊ नये."

अंबूताई डोळे पुसोन अत्तरदाणी घेवोन पुढे आल्या, आणि आधी वरमाईंचा हात हाती घेतला, आणि अत्तर लावावयास पाटल्या जराशा वर सारिल्या, तो काय! आश्विनातला उकाडा, घामाने मनगट भिजलेले, आणि पाटल्यांखाली हिरवागार डाग. आम्ही शेजारीच बसलो होतो, सगळे स्वच्छ दिसले. खऱ्या सोन्याने हिरवे होत नाही, हे आम्हांसही कळते. आमच्या तर अगदी ओठांवर आले की आता मोठ्याने ओरडावे आणि राजांच्या अपमानाचा सूड उगवावा. परंतु त्या पोरीने इकडे पाहिले नाही, तिकडे पाहिले नाही. पाटल्या हळूच खाली सारिल्या, वरमाईंचाच पदर ओढोन मनगटावर घातला, आणि कानाशी म्हणाली, "लिंबू चोळले की जातो हो डाग. कॉलेजच्या नाटकात मलाही पडला होता."

वरमाई तिजकडे पाहत राहिल्या. "पाहिलेस तू?"

"मी काहीच नाही पाहिले," अंबूताई म्हणाल्या.

मग लाडूबाईसाहेब मटकन खाली बसल्या, आणि आधी त्यांचे डोळे भरले, आणि मग हसू लागल्या ते थांबेचनात. सोयरे जोडे घालू लागले होते, त्यांस ओरडल्या, "कुठे निघालात? बसा!" आणि बटव्यातून आपला मोबाईल काढोन राणीसाहेबांपुढे ठेविला. "हे घ्या विहीणबाई, माझ्या पाटल्या यात आहेत, तोडे यात आहेत. शेजारी चोरी झाली तेव्हा घाबरले, सगळे मोडले आणि सोन्याचे ईटीएफ घेतले. अंगावरचे हे सगळे एक ग्रॅमचे, वरून नुसता सोन्याचा मुलामा. म्हटले, सून तरी खरे घालून येईल, म्हणजे कोणी माझ्या हाताकडे बघणार नाही. आणि या पोरीने बघितले. मी तिचे लग्न मोडत होते, तरी चारचौघांत तिने मला झाकले. मला फार लाज वाटली हो." राणीसाहेबांनी त्यांस जवळ घेतले, आणि मग दोघी विहिणी डोके डोक्यास लावोन कोणाचा हिस्सा कोणत्या भावाने घेतला ते पाहू लागल्या, आणि राजांस कोणी विचारीना.

मग वरमाईंनी यादी मागविली, चाळीस तोळ्यांवर काट मारिली, आणि लिहिले, "मंगळसूत्राच्या वाट्या दोन, एक माहेरची, एक सासरची. बाकी सोने ज्याचे त्याचे मोबाईलात." दुसरे दिवशी बाजार उघडताच दोन्ही घरांनी थोडे हिस्से विकिले, शनिवार-रविवार आड आला, सोमवारी पैसे आले आणि सराफाने वाट्या घडविल्या. उरलेले हिस्से अंबूताईंचेच राहिले. तुळशीचे लग्न लागले, आणि मग हे लग्न लागले. ऐन पाठवणीच्या वेळी राजे मोबाईल पाहोन दचकले, "अहो, सोने उतरले!" राणीसाहेब म्हणाल्या, "उतरू दे, चढेल कधी तरी. मुलगी निघाली, तिच्याकडे बघा." मग राजांनी मोबाईल खिशात घातला आणि लहान पोरासारखे रडले.

एकंदर हकीकत इतुकीच. नवरीच्या अंगावर शेवंतीची फुले होती, गळ्यात दोन वाट्या होत्या, आणि वरमाई लाडूबाईसाहेब दोहों हातांत निव्वळ काचेच्या बांगड्या घालोन सर्वांदेखत मिरवत होत्या. मनगट स्वच्छ होते. आम्ही मुद्दाम पाहिले.