किसाच्या ढिगाला हार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जोतिबाने शेडचे शटर वर केले आणि तो थेट कोपऱ्यातल्या ढिगापाशी गेला. ढिगाला झेंडूचा हार घातलेला होता. वर हळदकुंकू होते, लिंबू होते आणि पायथ्याशी उदबत्तीची राख सांडली होती.

ढीग किसाचा होता. लेथवर लोखंड सोलले की खाली जी वेटोळी पडतात ती झाडून कोपऱ्यात सारायची आणि महिन्या-दीड महिन्याने भंगारवाल्याच्या गाड्यावर घालून मोकळे व्हायचे, अशी हुबळीतल्या लहान शेडांची रीत होती. अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात हुकूम निघाला की कारखान्यातला किस यापुढे कचरा नसून राष्ट्राची संपत्ती आहे. तेव्हा धारवाडच्या भंगार नियमन कचेरीच्या दाखल्याशिवाय तो कोणी विकू नये, टाकू नये, हलवूही नये. भंगारवाल्याने हुकूम ऐकला आणि तो गाडा घेऊन कलघटगीला भावाच्या शेतावर निघून गेला. संपत्ती मागे राहिली.

ती राहिली तीही वाईट जागी. त्याच कोपऱ्यात जोतिबाने मिलिंग मशीनसाठी सिमेंटचा पाया घालून ठेवला होता. भंगारवाला आज येईल, उद्या येईल, या भरवशावर किस तिथेच पडत गेला आणि दसऱ्यापर्यंत छातीला लागला. मशीन बेळगावचे, जुने पण खणखणीत. त्यात नागुबाईच्या, म्हणजे जोतिबाच्या बायकोच्या, पाटल्या गेल्या होत्या. ते बसले की उसाच्या चरकाची दातेरी चाके दुसऱ्याच्या दारात जाऊन कापून घ्यायची गरज उरणार नव्हती. मशीनचा ट्रक त्याच संध्याकाळी यायचा होता आणि ढिगाला दाखला देणारे साहेब त्याच सकाळी.

"दुर्गव्वा!" जोतिबा ओरडला.

दुर्गव्वा शेड झाडायची. ती खराटा घेऊन आली.

"हे कुणी केलं?"

"मीच की, मालक. नवमीला तुमी लेथची पूजा करून गेलासा. भरमाअण्णानं पान्यांची केली, वजनकाट्याची केली, सायकलची केली. रोज मी ज्याला उचलतो त्याला कुणीच फूल वाहिलं नाही. मला बरं वाटलं नाही, बगा."

"अगं, पण भंगाराला हार?"

"पोट त्याच्यावरच हाय की आमचं."

जोतिबाने हार काढायला हात पुढे केला. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा. हात लावू नका. वस्तू जशी असेल तशी पाहायची, असा नियम आहे."

दारात बाळाचार्य उभे होते. भंगार नियमन कचेरीचे निरीक्षक. डोक्यावर काळी टोपी, कपाळावर माध्वांची अंगार-अक्षत, बगलेत छत्री. ते लाच घेत नसत. बाहेरचा चहाही घेत नसत. त्यामुळे त्यांच्या मनापर्यंत पोचायला कुठूनच वाट नव्हती.

"नमस्कार साहेब. हा किस. नुसता टाकाऊ माल," जोतिबा घाईने म्हणाला.

"टाकाऊ की माल?"

"म्हणजे?"

"टाकाऊ असेल तर विकता येणार नाही. नगरपालिकेची परवानगी काढून जमिनीत पुरावा लागेल."

"मग माल म्हणा, साहेब."

"टाकाऊ ठरल्याशिवाय माल कसा ठरेल? टाकाऊतूनच पुन्हा वापरण्याजोगा माल निघतो. हुकुमात तसं स्पष्ट आहे."

"बरं, मग आधी टाकाऊ म्हणा आणि नंतर माल म्हणा."

"तेच म्हणायला आलो होतो," बाळाचार्य म्हणाले आणि त्यांनी ढिगाभोवती एक फेरी मारली. ती प्रदक्षिणेसारखी दिसली. "पण ही पूजा?"

"चुकून झाली, साहेब."

"पूजा चुकून होत नाही. बाई, ही तुम्ही केलीत? नवमीला?"

"हौदु री, साहेब. होय, खंडेनवमीलाच केली," दुर्गव्वा म्हणाली.

"पूजा केलीत म्हणजे हे उपयोगाचं आहे, असं तुम्ही मानता?"

"उपयोगाचं नाही तर काय!"

लेथपाशी उभ्या असलेल्या भरमाने कपाळाला हात लावला. तो जोतिबाचा जुना कारागीर होता आणि पुढचे त्याला दिसले होते.

बाळाचार्यांनी टोपी सारखी केली. "हे पाहा, खंडेनवमीला पुजतात ते आयुध. आमच्या घरी त्या दिवशी विळी पुजतात, मोडकी विळी कोणी पुजत नाही. आयुध म्हणजे वापरातलं साधन. आणि वापरातलं साधन भंगार असू शकत नाही. हे मी म्हणत नाही, हुकूमही म्हणतो, शास्त्रही म्हणतं. दोघांचं एकमत असलेलं प्रकरण मला प्रथमच मिळालं."

त्यांनी स्वतःच्या हाताने ढिगाभोवती दोरी बांधली आणि गाठीवर शिशाचा शिक्का दाबला. ढीग त्या क्षणापासून 'वापरातील साधन' झाला. मग सणाची आठवण होऊन त्यांनी खिशातून बन्नीची, म्हणजे शमीची, पाने काढली आणि जोतिबाच्या हातावर ठेवली. "सोनं घ्या."

जोतिबा पानांकडे बघत राहिला. "साहेब, झाडाचं पान एका दिवसात सोनं होतं. माझा लोखंडाचा किस चार महिन्यांत माल का होत नाही?"

"पानाला दाखला लागत नाही," बाळाचार्य म्हणाले आणि छत्री उघडून निघून गेले.

संध्याकाळी ट्रक आला. ड्रायव्हरला रात्रीच परतीचा माल भरायचा होता. चेनपुली लावून, ओंडक्यांवरून ढकलत मशीन फाटकापर्यंत आणले, पण पुढे सिमेंटच्या पायावर दोरी आणि शिक्का. शेडमध्ये दुसरी जागा म्हणजे लेथ आणि भिंत यांच्यामधली, तिथून भरमा अंग तिरके करून जायचा.

"फाटकाबाहेर ठेवू या, मालक. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न," भरमा म्हणाला.

मशीन फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उतरले. वर ताडपत्री टाकली. उणकलच्या घरून नागुबाई तबक घेऊन आली होती, ती मशीनपाशी थबकली.

"हे रस्त्यावरच ठेवणार?"

"चार दिवस. तू कुंकू लाव."

"रस्त्यावर कुठं मशीनची पूजा करतात? जागेवर बसू दे, मग नारळ फोडू." तिने तबकावर पदर घातला आणि मशीनला एकदा हात लावून ती परत गेली. तिच्या मनगटावर पाटल्यांचे पांढरे वळ अजून दिसत होते.

चार दिवसांनी भरमाला उपाय सुचला. "मालक, पूजा केली म्हणून आयुध झालं नव्हं? मग उत्तरपूजा करू या. गणपतीची नाही करत? अक्षता टाकल्या की देव गेला, माती राहिली. हितं भंगार राहील."

जोतिबाला हे पटले. भटजी आले, ढीग बघून त्यांनी दक्षिणा वाढवून मागितली आणि अक्षता टाकल्या. दुर्गव्वा डोळे पुसत होती. जोतिबा तसाच बस पकडून धारवाडला गेला.

बाळाचार्यांनी सगळे शांतपणे ऐकले. "उत्तम केलंत. धर्मदृष्ट्या आता तो किसच आहे."

"मग दाखला?"

"पण माझा अहवाल बेंगळूरला गेला. बेंगळूरच्या दृष्टीनं तो साधन आहे. साधन बाद करायचं तर साधन बाद करण्याची रीत आहे. आधी त्याची साधन म्हणून नोंदणी हवी. नोंदच नाही ते बाद कसं करणार?"

"म्हणजे बाद करण्यासाठी आधी नोंदवायचं?"

"जन्म झाल्याशिवाय मृत्यूचा दाखला मिळतो का, राव?"

जोतिबाने नोंदणीचा अर्ज केला. अर्ज गेला तशी माणसे येऊ लागली. पहिले आले कामगारांच्या सुरक्षेचे साहेब. त्यांनी ढिगाला जाळी का नाही म्हणून विचारले.

"साहेब, तो हलत नाही," जोतिबा म्हणाला.

"हलायला लागल्यावर जाळी बसवणार काय?"

जाळी बसली. मग विजेचे साहेब आले आणि म्हणाले, "याचा हॉर्सपॉवर किती?"

"शून्य," भरमा म्हणाला.

"शून्याचा दर आमच्याकडं नाही. अर्धा धरतो."

त्या महिन्यापासून ढिगाचे वीजबिल येऊ लागले. नवा किस ढिगावर टाकायचीही सोय उरली नव्हती, कारण नोंदणी चालू असताना साधनात फेरफार करणे गुन्हा होता. तो डब्यांत, पोत्यांत आणि शेवटी जोतिबाच्या जेवणाच्या बाकाखाली साठू लागला. भरमा लेथवर उभा राहायचा तो एका पायावर.

परतीचा पाऊस आला. पहिल्या वाऱ्यातच ताडपत्री उडाली. दुसरी बांधली ती रातोरात कोणीतरी नेली. जोतिबाने मशीनला ग्रीस थापले, वर घरातली चटई टाकली. चटई गाईने खाल्ली. मशीनवर आधी तांबूस झाक आली, मग डाग, मग पापुद्रे. जोतिबा रोज सकाळी आधी मशीनपाशी जायचा, चिंधीने एक कोपरा पुसायचा आणि मग शेडमध्ये जाऊन ढिगाच्या जाळीवरची धूळ झटकायचा, कारण सुरक्षेच्या साहेबांनी तसे बजावले होते.

"मालक, एक सांगू?" भरमा एकदा म्हणाला. "तुमचं मशीन भंगारासारखं पडलंय आणि भंगार मशीनसारखं राहतंय."

"सांगू नको," जोतिबा म्हणाला.

दिवाळी झाली आणि नोंदणी मंजूर होऊन आली. सोबत नंबराचा पितळी बिल्ला होता. तो जोतिबाने ढिगाला तारेने बांधला आणि त्याच दिवशी साधन बाद करण्याचा अर्ज टाकला. पाहणीला अर्थातच बाळाचार्य आले. पण ते शेडपर्यंत पोचलेच नाहीत. फाटकापाशी त्यांनी छत्री मिटली.

"हे काय आहे?"

"माझं मशीन, साहेब. बेळगावचं."

"चालू आहे?"

"चालू कसं असेल? जागाच नाही."

"नवमीला पूजा झाली?"

"हे नवमीनंतर आलं."

"दिवाळीत? लक्ष्मीपूजनाला?"

"बायको म्हणाली, जागेवर बसल्याशिवाय पूजा करायची नाही."

"त्यांचं बरोबर आहे," बाळाचार्य म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "वापरात नाही. कधी पूजा नाही. उघड्यावर पडून गंजलेलं. जोतिबा, हे निखळ प्रकरण आहे. टाकाऊ, आणि पुन्हा वापरण्याजोगा माल. दाखला आत्ता देतो."

"साहेब! अहो साहेब, ते मशीन आहे! त्याच्यात माझ्या बायकोच्या पाटल्या आहेत!"

"ते मी नाकारत नाही. पण मी जे दिसतं ते लिहितो."

"कुंकू आणतो, साहेब. आत्ता आणतो. दुर्गव्वा! अगं कुंकू आण! हार आण!"

दुर्गव्वा धावली. पण शेडमध्ये कुंकू होते ते नवमीचे, ढिगावर वाळलेले, आणि ढीग जाळीच्या आत होता. ती बोटाने जाळीतून खरवडत होती तोवर बाळाचार्यांनी दाखला वहीतून फाडून जोतिबाच्या हातात दिला.

"तुम्हाला दाखला हवा होता ना? उन्हाळ्यापासून खेपा घालत होतात. घ्या. नेमून दिलेल्या फौंड्रीचा ट्रक हे वितळवायला न्यायला येईल. अडवलंत तर मात्र राष्ट्राच्या संपत्तीचा अपहार होईल, तेवढं सांभाळा."

"आणि आतला ढीग?"

बाळाचार्यांनी दारातून आत पाहिले. जाळी, बिल्ला, विजेचे बिल, सगळे जागच्या जागी होते. "इतकं नीट ठेवलेलं साधन बाद का करता?" ते आपुलकीने म्हणाले आणि अर्ज परत देऊन गेले.

फौंड्री बेळगावची निघाली आणि ट्रकवर ड्रायव्हर तोच आला. त्याने मशीन ओळखले. "काय मालक, पसंत नाही पडलं?" जोतिबाने दाखला त्याच्या हातात दिला. मशीन वजनावर गेले. नागुबाईला सांगायची वेळ आली तेव्हा ती तांदूळ निवडत होती, हात न थांबवता एवढेच म्हणाली, "पाटल्याही वजनावरच गेल्या होत्या."

फौंड्रीवाला मूर्ख नव्हता. त्याने मशीन वितळवले नाही. रॉकेलने धुतले, गंज घासला, तेल घातले आणि आपल्या शेडमध्ये बसवले. माघात कलघटगीहून चरकाच्या चाकांची मोठी मागणी आली, तेव्हा जवळपास कोणाकडेच मिलिंग मोकळे नव्हते. भरमाने चौकशी केली आणि मान खाली घालून बेळगावचा पत्ता आणला. जोतिबाने चाके तिकडे पाठवली. दुसरा इलाजच नव्हता.

चाके कापून आली. दाते सुबक होते. मशीन खरोखरच खणखणीत होते. चाकांबरोबर तोंड शिवलेले एक जड पोतेही आले.

"हे काय?" जोतिबाने ड्रायव्हरला विचारले.

"तुमच्या चाकांचा किस. नवा नियम आलाय. ज्याचं काम, त्याचा किस. आम्हाला ठेवून घेता येत नाही."

पोते ठेवायला जागा नव्हती. जोतिबाने ते जेवणाच्या बाकावर ठेवले आणि स्वतः पायरीवर जाऊन बसला. दुर्गव्वाने शिवण उसवली, मूठभर किस बाहेर काढला आणि उजेडात धरला. लेथच्या वेटोळ्यांसारखा तो नव्हता. बारीक, चमकदार, नखाएवढ्या चंद्रकोरींचा होता.

"मालक," ती हळूच म्हणाली, "आपल्याच मशीनचा हाय की हो. नागुअक्कांनी त्याला एकदाही कुंकू लावलं नाही. लावू?"

जोतिबा उठला. फाटकापर्यंत जाऊन त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. छत्री कुठे दिसली नाही. मग त्याने परत येऊन शटर अर्धे खाली ओढले आणि भरमाच्या खांद्यावरची चिंधी काढून दुर्गव्वाला दिली.

"लाव," तो म्हणाला. "पण लावून झालं की लगेच पूस."