बाईंची डावी गिटार

गुरुवारी संध्याकाळी बाई गिटारच्या क्लासहून परत आल्या त्या हातात खुळखुळा घेऊन. तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "क्लासच्या संमेलनात मी हा वाजवायचाय."

"हा?"

"हा. बाकीचे अकरा जण गिटार वाजवणार. मी मागे उभं राहून हा हलवणार. सर म्हणाले, तालाला आधार होतो."

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि त्यातली शेवटची सहा वर्षं त्या मुख्याध्यापिका होत्या. त्या व्हरांड्यातून चालू लागल्या की वर्गांची कुजबुज आपोआप बंद व्हायची. निवृत्तीनंतर त्यांनी गिटार शिकायचं ठरवलं, तेव्हा घरात कोणी का म्हणून विचारलं नाही, कारण बाईंना तसं विचारायची पद्धत नव्हती. अडचण एकच होती. बाई डावखुऱ्या होत्या. खडू, कात्री, चमचा, सगळं डाव्या हातात. आणि क्लासमध्ये सगळ्या गिटारी उजव्या हाताच्या.

"हाताला सवय लावायची असते, मॅडम," असं सर पहिल्या दिवशी म्हणाले होते. बाईंनी तीन महिने सवय लावून पाहिली. पण त्यांचा उजवा हात तारांवरून फळा पुसल्यासारखा फिरे. शेवटी त्या वाद्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, डाव्या हाताची ठेवत नाही, डावखुरे लोक येतच नाहीत.

"मी आलेय," बाई म्हणाल्या.

"तुम्ही पहिल्याच," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बाईंच्या नवऱ्याने खुळखुळा उचलून एकदा हलवून पाहिला आणि लगेच खाली ठेवला, कारण बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मी बनवतो," ते म्हणाले.

"काय?"

"गिटार. डाव्या हाताची. सुटे भाग मिळतात. मागवायचे आणि जोडायचे."

"अहो, तुम्ही कवळ्या बनवता."

हे खरं होतं. गावातले निम्मे दाताचे डॉक्टर त्यांच्याकडूनच कवळ्या करून घेत. गल्लीत त्यांना कवळीवाले म्हणूनच ओळखत, आणि त्यांच्याशी बोलताना बरेच जण तोंडावर हात धरून हसत.

"तेच सांगतोय. पेशंटचा उजवा दात माझ्या डाव्या हाताला येतो. डावं-उजवं हाच माझा धंदा आहे. तीस वर्षांत एकाही माणसाला उलटी कवळी गेलेली नाही."

"ते छत्रीवाले आजोबा?"

"त्यांचं तोंडच वाकडं होतं."

संमेलनाला सहा आठवडे होते. कवळीवाल्यांनी भाग मागवले. ते वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या दिवशी येऊ लागले, आणि कवळीवाले कामाच्या खोलीतून रोज दुपारी घरी फोन करून चौकशी करू लागले. एकदा शेजारीण वाटी परत द्यायला आली तेव्हा बाई फोनवर बोलत होत्या.

"मान आली. हो, लांब आहे. धड अजून नाही. नाही हो, मी उघडून पाहिलं नाही, तुम्हीच या आणि पाहा."

शेजारीण वाटी तशीच घेऊन परत गेली.

धड आलं, ते म्हणजे लाकडाची एक जाड, सपाट, कमरेत वळलेली फळी. तिच्यात खाचा आणि भोकं पाडून घ्यायची होती. तारांची थरथर पकडणारी चुंबकं बसवायला दोन खाचा, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी बसवायला भोकं, आणि आवाजाच्या बटणासाठी एक. कवळीवाल्यांनी पेन्सिलीने मापं काढली, नीट आकडे घातले आणि चूक होऊ नये म्हणून फळीच्या एका अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'समोरची बाजू'. मग ती सुताराकडे नेऊन दिली.

चार दिवसांनी सुताराने काम दिलं. खाचा सुबक होत्या. कडा अशा गुळगुळीत की बोट फिरवत राहावं. कवळीवाल्यांनी फळी छातीशी धरली आणि त्यांचा चेहरा पडला. सगळ्या खाचा दुसऱ्या अंगावर होत्या. फळी सपाट, दोन्हीकडून सारखी. ती उलटी करून पाडलेल्या खाचांमुळे डाव्या हाताचं धड उजव्या हाताचं झालं होतं.

"मी समोरची बाजू लिहिलं होतं," कवळीवाले म्हणाले.

"होय. वाजवणाऱ्याच्या समोर काय येतं? पोटाकडची बाजू. ती मी कोरी ठेवली. काम पलीकडून केलं."

"समोर म्हणजे ऐकणाऱ्यांच्या समोर."

"ऐकणाऱ्यांचं तुम्ही काही लिहिलं नव्हतं," सुतार म्हणाला. तो शांत माणूस होता. कवळीवाल्यांनी बराच विचार केला, पण त्याच्या बोलण्यात चूक सापडेना.

मग खाचा लाकडाचे तुकडे घालून बुजवल्या आणि लिहिलेल्या अंगावर नव्याने पाडल्या. पण जुनी आणि नवी खाच एके ठिकाणी आतून भेटली, तुकडा निखळला आणि फळीला आरपार भोक पडलं. सुताराने त्यातून एक डोळा लावून कवळीवाल्यांकडे पाहिलं. "एवढं सुकं लाकूड आत्ता नाही माझ्याकडे," तो पलीकडून म्हणाला.

कवळीवाल्यांकडे लाकूड नव्हतं, पण कवळीचा मसाला भरपूर होता. त्यांनी भोक त्याने भरलं, तापवून घट्ट केलं, घासून चकाकी आणली. काम इतकं बेमालूम झालं की नखाला सांधा लागत नव्हता. फक्त रंग गुलाबी होता.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"हिरडी."

बाईंनी गिटारच्या पोटावरच्या त्या तळहाताएवढ्या हिरडीकडे पाहिलं. "वर दात बसवू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

दात म्हणता येईल असं एक काम उरलंच होतं. मानेच्या टोकाशी बोटभर लांबीची एक पट्टी असते, तिच्या सहा खाचांतून सहा तारा जातात. जाड तारेला रुंद खाच, बारीक तारेला अरुंद. ही पट्टी आपण दाताच्याच मसाल्याची करायची, असं कवळीवाल्यांनी ठरवलं. क्लासमधल्या एका गिटारच्या पट्टीचा त्यांनी मेणात ठसा घेतला, ठशावरून पट्टी ओतली आणि तारा लावायला बसले. जाड तार खाचेच्या वर राहिली. बारीक तार रुंद खाचेत खुळखुळू लागली. ठशातून ओतलेली वस्तू मूळ वस्तूसारखीच निघते, हे ते तीस वर्षं हाताखालच्या लोकांना शिकवत आले होते. पट्टी उजव्या हाताची होती. दुसरी पट्टी त्यांनी नजरेने कोरली आणि ती बरोबर जमली.

वायरी जोडायचं काम बाईंच्या भावाकडे होतं. त्याचं रेडिओ-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने दोन तासांत जोडणी केली आणि गिटार वाजली. आवाज खरोखर चांगला होता. मग बाईंनी आवाज कमी करायला बटण फिरवलं आणि कपाटाची काच थरथरली.

"ते उलटं फिरतंय, ताई," भाऊ म्हणाला. "बटण उजव्या गिटारचं आहे ना. वाढवायचं तिकडे कमी होतं, कमी करायचं तिकडे वाढतं. सवय होते."

"हे वाक्य मला तू सांगू नकोस," बाई म्हणाल्या. पण संमेलन नऊ दिवसांवर आलं होतं, आणि बाईंनी सवय केली. सकाळी एक तास, दुपारी एक तास. आठव्या दिवशी त्यांचं बोट विचार न करता उलटं फिरू लागलं.

सरांना गिटार दाखवायचा दिवस आला तेव्हा बाईंनी खुळखुळा परत नेला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी गिटार पाहिली, हिरडी पाहिली. "रांगेत तुमची मान शेजाऱ्याच्या मानेला लागेल," ते शेवटी म्हणाले. "सगळ्यांची एका बाजूला आणि तुमची दुसऱ्या."

"मग मला कडेला उभं करा."

"कुठल्या कडेला?"

यावर क्लासमध्ये पाऊण तास चर्चा झाली. बाई कडेला उभ्या राहिल्या.

संमेलनाच्या दिवशी सकाळी बाई न्हायला गेल्या असताना भाऊ आला. ताईला उलट्या बटणाचा त्रास होतो हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. त्याने मागचं झाकण उघडलं, दोन वायरींची अदलाबदल केली, झाकण लावलं आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघून गेला. भाऊजींना जाताना सांगायचं त्याच्या मनात होतं, पण भाऊजी इस्त्री करत होते आणि त्यांच्या हातात बाईंची साडी होती. अशा वेळी कोणी बोलत नाही.

सभागृहात दोनेकशे माणसं होती. पहिल्या दोन रचना ठीक झाल्या, कारण बाईंनी बटणाला हात लावला नाही. तिसरी रचना हळू होत जाऊन संपायची होती. सरांनी ठरल्याप्रमाणे तळहात खाली केला. अकरा जणांनी आपापले आवाज कमी केले. बाईंनीही केला.

पडदा हलला. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ जागा झाला. बाईंना वाटलं, अजून पुरेसा कमी झाला नाही, म्हणून त्यांनी बटण आणखी थोडं त्याच दिशेने फिरवलं. सर तळहात खाली खाली नेत जवळजवळ जमिनीला टेकले. अकरा गिटारी आता ऐकूच येत नव्हत्या. ऐकू येत होती ती एकच, आणि त्या एका गिटारने थांबायचं कसं हे कोणी ठरवलं नव्हतं. बाईंना कुठलंही काम अर्धं सोडायची सवय नव्हती. त्यांनी ती रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाजवली. एकही सूर चुकला नाही. तिसऱ्या रांगेत बसलेल्या कवळीवाल्यांचे दोन्ही हात कानांवर होते आणि डोळे भरून आले होते.

टाळ्या बराच वेळ चालल्या. शेवट असाच बसवलाय, असं लोकांना वाटलं.

सभागृह रिकामं झाल्यावर सर वायरी गुंडाळत गुंडाळत बाईंजवळ आले. बाई बोलणी खायच्या तयारीने ताठ उभ्या होत्या. सर म्हणाले, "जरा बघू का?"

त्यांनी गिटार घेतली, खुर्चीवर बसले आणि ती उलटी, म्हणजे बाईंसारखी, मांडीवर धरली. डावा हात तारांवर ठेवला.

"मीही डावखुरा होतो," ते म्हणाले.

"होतो म्हणजे?"

"वडिलांनी सोडवलं. मी सात वर्षांचा होतो." त्यांनी तारा छेडल्या. पेटी जिन्यावरून गडगडत यावी तसा आवाज झाला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. बावीस वर्षं गिटार शिकवणाऱ्या माणसाला साधी पहिली सुरावट जमेना. ते गिटार परत देत खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या घरी शिकायला येऊ का? क्लासमध्ये बरं दिसणार नाही."

रविवारी सकाळी दहाला सर आले. कवळीवाल्यांनी दार उघडलं, तर सरांनी त्यांना तोंडावर हात न धरता हसून नमस्कार केला. आतल्या खोलीत बाईंनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. सर बसले. बाईंनी त्यांचं मनगट दोन बोटांनी उचलून जागेवर ठेवलं, कोपर खाली केलं, पाठीला ताठ व्हायची खूण केली.

"वाजवा."

सरांनी वाजवलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "पुन्हा," त्या म्हणाल्या. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी सरांनी बोटं झटकली आणि आज एवढं पुरे का, असं विचारलं.

बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन उजेडात पाहिला.

"पुढच्या रविवारी नखं कापून या," त्या म्हणाल्या.

सरांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं.