व्याही बुडाले टोपीपायी

या मंडळी, असं लांब लांब बसू नका. सतरंजी मोठी आहे, भिंतीला टेकायचा मोह सोडा आणि जरा पुढं सरका, म्हणजे मला घसा ताणावा लागणार नाही. आज एक आख्यान सांगतो. यात एक मौत आहे, दोन घरांचं रडणं आहे आणि एक टोपी आहे.

पण आधी एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो. मी नाथाजी, राहणार आष्टा, ऊसवाला, गळ्यात माळ. पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असू दे, पहिल्या ओळीत टाळ घेऊन उभा असलेला माणूस. तोच मी कॉम्प्युटरवर गेम खेळतो. आणि खेळणार.

गेम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं जे आलं ते हे नव्हे. बंदूक नाही, मोटार नाही, पत्ते तर नाहीतच. एक डोंगर असतो. त्यात बुटकी माणसं येऊन राहतात. त्यांना बोगदे खणून द्यायचे, खोल्या पाडायच्या, शेतं लावायची, पाणी खेळवायचं. प्रत्येकाला स्वभाव असतो. एक रुसतो, एकाला गर्दी सोसत नाही, एकाची वस्तू हरवली की त्याला अन्न गोड लागत नाही. आणि हे सगळं पडद्यावर दिसतं कसं, तर नुसती अक्षरं आणि ठिपके, डब्यातली मोहरी सांडल्यागत. त्यातला माणूस कुठला, दगड कुठला आणि रेडा कुठला हे ओळखायला मला एक अख्खा गळीत हंगाम लागला. वर त्यात जिंकणं नाहीच. डोंगर आज ना उद्या पडतोच. तो कसा पडला हे सांगण्यात सगळा रस.

आता हे लोकांना कसं दिसतं? शेजारच्या साळूबाई काकूंना वाटतं, मी पडद्यावर मंत्र वाचतो. बायकोचा चुलतभाऊ बाळासो, टेंपोवाला, त्याला वाटतं मी रमी खेळतो आणि लाजेनं सांगत नाही. हवामान खात्याचं गुपित मला कळतं असंही एकानं पसरवलं होतं. तो पावसाळाभर पेरणीची तारीख विचारायला यायचा. आमच्या राजेश्वरीचं, म्हणजे बायकोचं, मत एका वाक्यात: "एवढं डोकं घरात लावलं असतं तर मोरीचं पाणी तुंबलं नसतं."

एकटा मिलिंद तेवढा जाणता. सांगलीचा वायरमन. एकदा आमच्या दारच्या खांबावर चढला होता. वरूनच खिडकीतून त्यानं पडदा बघितला आणि ओरडला, "दादा, तुमच्या पाटाला दार न्हाई. दोन नंबरचा बोगदा बुडणार." मी म्हटलं, खाली ये बाबा, चहा घे. तेव्हापासूनची दोस्ती.

माझ्या डोंगरातल्या माणसांना मी गावातलीच नावं देतो. स्वभाव वाचायचा आणि ज्याचा जुळेल त्याचं नाव ठेवायचं. ज्यांच्यावर जीव, त्यांचीच नावं. त्यामुळंच तर पुढचं सगळं झालं.

आमच्या प्रांजलचं लग्न कोरेगावच्या आप्पासोंच्या साईराजशी ठरलं. पोरगं गुणी, पोरीला पसंत. गुरुवारी साखरपुडा. सुपारी फोडताना आप्पासो टोपी सारखी करत म्हणाले होते, "पाव्हणं, बाकी मागणं न्हाई. फकस्त गेमचा नाद नगं घरात. माझा भाचा त्या मोबाइलपायी वाया गेला." मी तोंड उघडणार, तेवढ्यात राजेश्वरीनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं. आप्पासोंना वाटलं, पोरीच्या मायेनं आलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "साखरपुडा हुस्तोवर त्या बोगद्याचं नाव काढायचं न्हाई. पोरीचं लग्न मोडलं तर त्या डोंगरातच राहायला जा."

मी नाव काढलं नाही. घरात. बाहेरच्या सोप्यात बसून मिलिंदला फोन करणं म्हणजे काही घरात बोलणं नव्हे, असा आपला माझा हिशेब.

मंगळवारी सकाळी राजेश्वरी आणि प्रांजल देवळात सप्त्याचे गहू निवडायला गेल्या होत्या. मी फोन लावला.

"मिलिंदराव, वाईट बातमी हाय. आप्पासो गेले."

"कसं काय?"

"पाण्यात. पाट फुटला. सगळी वर पळाली, ह्येबी वर आले हुते. पन टोपी खाली राहिली. टोपीसाठी मागं फिरले आन गेले. मढं अजून खालीच हाय. आता दारू कोण गाळणार सांगा. अख्खी वस्ती त्यांच्या दारूवर जगत हुती." मग मिलिंदनं काहीतरी विनोद केला आणि मी खदाखदा हसलो. "व्हय, लय मजा आली बघा."

साळूबाई काकू विरजण मागायला आल्या होत्या. दारात उभ्या. वाटी हातात, तोंड उघडं. मी म्हटलं, "काय काकू?" त्या म्हणाल्या, "काय न्हाई रं बाबा," आणि विरजण न घेताच गेल्या.

मी शेतावर गेलो. तोड चालू होती, ट्रॅक्टर भरत होता. थोड्या वेळानं बाळासो आला, बांधावर उभा राहून माझ्याकडं टक लावून बघायला लागला. मी मोळ्या चढवता चढवता कालच्या कीर्तनातला अभंग म्हणत होतो.

"दाजी, बरं हायसा न्हवं?"

"एकदम. का रं?"

"न्हाई, आमी कोरेगावला चाललोय. सगळीच."

बाळासोचा टेंपो घेवडा आणायला कोरेगावला जातोच. मी म्हटलं, "जावा की. व्याह्यांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, गुरुवारी भेटूच."

बाळासोनं डोळे पुसले. मला वाटलं, उसाचं पाचट गेलं.

दुपारी घरी आलो तर दाराला कुलूप. गल्लीत चिटपाखरू नाही. कट्ट्यावर म्हातारे नानासो तेवढे बसलेले.

"नाथा, तू हितं कसा? सगळी मौतीला गेल्यात कोरेगावला."

"कुणाच्या?"

"तुझ्या व्याह्याच्या, आनि कुणाच्या. सकाळीच कळलं की गावाला."

मंडळी, मी खिशातला फोन काढला. तुम्ही म्हणाल, नाथाजी, तुला सकाळचा फोन आठवला नाही? नाही आठवला. तो आप्पासो वेगळा, हे आप्पासो वेगळे. माझ्या डोक्यात त्यांची कधी गाठच पडत नाही. फोनवर राजेश्वरीचे न उचललेले कॉल दिसले. लावला. तिनं हुंदका दिला, "या लवकर," आणि ठेवला.

मग साईराजला लावला. तो म्हणाला, "बाबा? बाबा बरे हायत की. आत्ताच शेतावरनं आले. का वो?"

आता तुम्हाला आपली रीत माहीत आहे. माणूस गेला असं फोनवर कुणी सांगत नाही. जरा तब्येत बरी नाही म्हणतात, निघून या म्हणतात. आणि हे पोरगं तर बाबा बरे आहेत म्हणतंय, तेही इतक्या सहज. म्हणजे किती मोठा घाव सोसून बोलत असेल. मी म्हटलं, "साईराज, घट्ट राहा. मी आलो." आणि मोटारसायकलला किक मारली.

कराड, मसूर, रहिमतपूर, सगळ्या वाटेनं मी रडत होतो. असा सरळ माणूस. माळकरी. पोरीला लेकीसारखं वागवणार होता.

मी पोचायच्या आधी तिथं काय झालं ते नंतर कळलं. टेंपो गल्लीच्या तोंडाशी थांबला. बायकांनी पदर तोंडावर घेतले आणि रिवाजाप्रमाणं कोपऱ्यापासूनच गळा काढला. वाटेत साळूबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माणूस वरनं माळकरी, पण आतनं दारू गाळत होता, त्यामुळं रडण्यात थोडी कुजबुजही होती. आवाज ऐकून आप्पासो घास तोंडात घेऊनच दारात आले, डोक्यावर टोपी. बघतात तर आष्ट्याचा अख्खा टेंपो रडतोय, राजेश्वरी पुढं, आणि नाथाजी कुठं दिसत नाही.

आप्पासोंनी जे समजायचं ते समजलं. उंबऱ्यावरच बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. "व्याही गेले वो! देवमाणूस गेला!" विहीणबाईंनी आतून गळा काढला. शेजारपाजार गोळा झाला. साईराज माझा फोन आल्याचं सांगत होता, पण त्या रडण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. पदराआड असल्यामुळं कोण कुणासाठी रडतंय ते कुणालाच दिसेना. पहिल्यांदा पदर सरकवला तो साळूबाईंनी, आणि टोपी बघून त्यांचा सूर अर्ध्यावरच अडकला.

नेमका तेव्हा मी पोचलो. गाडी सोडली, "आप्पासाहेब, आमाला सोडून गेला वो" म्हणत दारात धावलो, तर आप्पासो समोर. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. दोघांचेही गाल ओले.

"तुमी जिते हायसा?" ते म्हणाले.

"मी तर हाय. तुमी?"

"मला काय धाड भरलीया? मी गेलो म्हणून कुणी सांगितलं?"

टेंपोनं बाळासोकडं बघितलं. बाळासोनं साळूबाईंकडं. साळूबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "ह्येनंच. फोनवर. पाण्यात बुडाले म्हनला, टोपीसाठी. आन हसत हुता मुडदा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. राजेश्वरीच्या डोक्यात तो आधीच पडला होता. तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं: मोडलं लग्न. प्रांजल तिच्यामागं उभी, खाली बघत. साईराज दारात, बापाकडं बघत.

मी म्हणू शकलो असतो, काकूंना कमी ऐकू येतं. सुटलो असतो. पण खोटं बोलायला जीभ रेटली नाही. मी म्हटलं, "आप्पासाहेब, मी गेम खेळतो. तुमी त्यात हुता. काल बुडाला."

"गेम?" त्यांचा आवाज बदलला. "रमी?"

"न्हाई." आणि मी सगळं सांगितलं, डोंगर, बोगदे, पाट, ठिपके. कुणाला ओ की ठो कळलं नाही.

"म्हंजे पोरखेळ," कोरेगावचा कुणीतरी म्हणाला. "एवढा बाप्या माणूस."

मग मात्र मला राहवलं नाही. "व्हय, पोरखेळ. आन तुमच्या गावात बुवा कीर्तनाला उभे राहत्यात, उत्तररंगात राजाचं राज्य घालवत्यात, त्याचं पोर मारत्यात, तवा तुमी डोळं पुसता न्हवं? तो राजा तुमच्या भावकीतला हुता का? राजा जाणार हे ठावं असून दर वर्साला ऐकायला बसता. मीबी तेच करतो. डोंगर पडणार हे ठावं हाय, तरी माणसं वसवतो. ती गेली की मला वाईट वाटतं. कुणाचं काय घेतलं न्हाई, कुणाचं बुडवलं न्हाई."

"मला बुडवलं की," आप्पासो म्हणाले.

"तुमी सोताच गेला. मी वर आणलं हुतं. टोपीसाठी मागं फिरला."

आणि मग विहीणबाई हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबून, उंबऱ्याला धरून. "आवं, पाव्हण्यांचंच खरं हाय. परवा यष्टी सोडली ती टोपीपायीच. सगळी चढली आन ह्ये परत घराकडं पळाले. पाव्हण्यांला कुणी सांगितलं असंल वो ह्यो सभाव?"

"कुणी न्हाई. सभाव आधी आला, नाव मी मागनं ठेवलं."

आप्पासोंनी टोपी काढली, तिच्याकडं बघितलं, परत घातली. "मी काय काम करत हुतो तितं?"

इथं राजेश्वरीनं माझ्याकडं असं बघितलं की चिमट्याची गरज राहिली नाही. पण एकदा खरं बोलायला लागल्यावर मधे कुठं थांबायचं?

"दारू गाळत हुता."

"मी? माळकरी?"

"पेत न्हवता. पन तुमच्यासारखी कुणाला जमत न्हवती. तुमी गेल्यापासनं समदा डोंगर उदास हाय."

त्यांनी गळ्यातली माळ चाचपली. प्रांजलनं डोळे मिटून घेतले होते. मग आप्पासोंनी हळू आवाजात विचारलं, "परत जिता करता येतं का?"

"न्हाई. त्यात गेला तो गेला. समाधी बांधता येते. दगडात, कोरीव."

"मग बांधा. माणसाला असं पाण्यात सोडत्यात व्हय?" आणि घराकडं वळून म्हणाले, "ताटं मांडा. आष्ट्याची माणसं उपाशी हायत. साखरपुडा गुरुवारीच."

आमच्या बायकांनी मौतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरी टोपल्यात भरून आणलीच होती. तीच अंगणात वाढली. आपल्याच दुखवट्याची भाकरी आप्पासोंनी मागून घेऊन खाल्ली आणि पिठल्यात मीठ कमी आहे म्हणाले.

साखरपुडा झाला, लग्न झालं. लोक अजून म्हणतातच, नाथाजीचं काही खरं नाही. म्हणू देत. मी माळही काढणार नाही आणि माऊसही सोडणार नाही. आप्पासोंचा मात्र दर आठवड्याला फोन येतो: समाधी कुठवर आली, कळस बसला का. परवा तर चिडले. मिलिंदच्या डोंगरात कुणा सरदाराची समाधी त्यांच्यापेक्षा मोठी आहे, हे त्यांना साईराजकडून कळलं.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं. आज आरतीला हात जोडाल तेव्हा कोरेगावच्या आप्पासोंसाठी काही मागू नका, ते ठणठणीत आहेत. आठवण ठेवा ती दुसऱ्याची, डोंगरातल्या बुटक्या आप्पासोची. वर आला होता, वाचला होता, आणि एका टोपीसाठी मागं फिरला. मढं वर काढताना मी नीट बघितलं. टोपी त्याच्या डोक्यावरच होती.