चित्र आधी, आवाज मागाहून

टीव्हीवर 'ही फाइल चालवता येत नाही' अशी पाटी आली आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम टेक्निकलकडे वळल्या.

टेक्निकल हे त्याचं घरातलं नाव. तसा तो विमा कंपनीच्या तक्रार विभागात होता आणि यंत्रांशी त्याचा संबंध ऑफिसच्या झेरॉक्स मशीनपुरता होता, तोही मशीन चालू असेल तर. पण फार वर्षांपूर्वी थोरल्या दादाकडचा टीव्ही रिमोटला जुमानेना, तेव्हा याने रिमोटमधले सेल काढून पुन्हा नीट बसवले होते. त्या दिवसापासून दोन्ही घरांत मिक्सर घुमला नाही, दाराची बेल वाजली नाही, की त्यालाच फोन. नाव पडलं होतं आणि ते टिकवणं नशिबी आलं होतं.

"काय झालं रे?" सोफ्याच्या मधोमध बसलेल्या आईने विचारलं. व्हिडिओ तिच्याच ऐंशीव्या वाढदिवसाचा होता.

"फॉरमॅटचा प्रॉब्लेम आहे," टेक्निकल गंभीरपणे म्हणाला. हे वाक्य त्याने ऑफिसात कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं.

"माझ्या फोनवर तर झक्कास सुरू होतो," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान. शूटिंग त्यांचं होतं, नव्या कोऱ्या फोनवर केलेलं. फोन इतका नवा होता की त्याने काढलेलं चित्र त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं.

"मग काय, सगळ्यांनी तुमच्या मांडीवर बसून बघायचं?" ताईने नवऱ्याला विचारलं.

वाढदिवसाच्या दिवशी दाजींनी एकेकाला आतल्या खोलीत नेऊन, खुर्चीवर बसवून 'आईबद्दल दोन शब्द' बोलायला लावले होते. बोलणाऱ्याला संकोच नको म्हणून ते स्टँडवरच्या फोनचं बटण दाबून, दार ओढून घेऊन, स्वतः बाहेर केककडे जात. त्यामुळे आत कोण काय बोललं ते कुणालाच माहीत नव्हतं. दाजींनीही सगळं पाहिलेलं नव्हतं. शूटिंग करणाऱ्याने आपलं काम बघत बसू नये, असं त्यांचं मत होतं.

"पुढच्या रविवारी पुन्हा जमा," आईने निकाल दिला. "तोवर हा करेल काहीतरी. सगळ्यांनी यायचं. दोघींनीसुद्धा."

दोघी म्हणजे सोफ्याच्या दोन टोकांना बसलेल्या दोन सुना. थोरल्या वहिनी आणि टेक्निकलची बायको, म्हणजे धाकटी, यांचं बोलणं बंद होतं. कारण होतं कुकर. धाकटीने वहिनींना वापरायला दिलेला कुकर परत आला, तेव्हा त्याच्यावरची शिट्टी दुसरीच होती. धाकटीचं म्हणणं, आपली शिट्टी बदलली. वहिनींचं म्हणणं, आपण शिट्ट्या बदलणाऱ्यांतल्या नाही. तेव्हापासून दोघींचा सगळा व्यवहार टेक्निकलमार्फत चाले. 'वहिनींना सांगा', 'तिला विचारा'. दोघी समोरासमोर असल्या तरी टपाल त्याच्याकडूनच जायचं.

दादाकडून घरी परतताना धाकटीने स्पष्टच सांगितलं. "आईंसाठी आले. पुढच्या रविवारीही येईन. पण पुन्हा असा ठोंब्यासारखा टीव्हीकडे बघत बसायचा प्रसंग आला ना, तर त्या घराची पायरी मी चढणार नाही. सांगून ठेवते."

म्हणजे आता टेक्निकलच्या हातात नुसता पेन ड्राइव्ह नव्हता, घरातला सलोखा होता, आणि तो टीव्हीला चालत नव्हता.

ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागातल्या माणसाने सल्ला दिला, "सगळीकडे चालेल अशा फॉरमॅटमध्ये करून घ्या. सोपं आहे." तो माणूस प्रत्येक गोष्ट सोपी आहे असं सांगून फोन ठेवत असे. टेक्निकलने एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं. ते फुकट असलं तरी चौकस होतं. लग्न जुळवणाऱ्यांनी विचारले नसतील इतके प्रश्न त्याने विचारले. 'सर्व फाइल एकत्र जोडू का?' टेक्निकलने होकार दिला, कुटुंब एकत्रच बरं. 'फ्रेम रेट बदलता ठेवू की स्थिर?' फ्रेम रेट म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं, पण आयुष्यभर तक्रार विभागात काढल्यावर बदलत्या गोष्टींनी काय होतं ते पक्कं माहीत होतं. त्याने 'स्थिर'वर टिचकी मारली.

पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. 'उरलेला वेळ: चार मिनिटे' असं ती म्हणाली आणि दुपारभर तेच म्हणत राहिली. कॉम्प्युटर मध्येच झोपी जाऊ नये म्हणून टेक्निकल एका हाताने माउस हलवत बसला.

"लोक बाळाला झोपवतात," जाता जाता धाकटी म्हणाली. "तुम्ही ह्याला जागं ठेवताय."

अखेर पट्टी संपली. त्याने फाइल घरच्या टीव्हीला लावली. ताई दिसली, ताई बोलली, ओठ आणि शब्द जोडीने चालले. मिनिटभर बघून तो कृतार्थ झाला आणि त्याने टीव्ही बंद केला. पुढचं बघावं असं त्याला वाटलंच नाही.

रविवारी सगळे जमले. सोफ्यावर मध्ये आई, दोन टोकांना दोन सुना. पेन ड्राइव्ह लावून टेक्निकल टीव्हीशेजारी स्टुलावर बसला, आणि पडद्यावर ताई बोलू लागली. "वा!" दाजी ओरडले, ते स्वतःच्या शूटिंगला. ताईनंतर दादा आला. त्याच्या कपाळावर आडवी अक्षरं होती.

"माझ्या कपाळावर काय लिहिलंय रे?"

"'फुकट आवृत्ती'. सॉफ्टवेअरचं आहे ते, दादा."

"कुणाचंही असो, खोटं काय त्यात?" वहिनी म्हणाल्या.

पण टेक्निकलचं लक्ष कपाळावर नव्हतं, ओठांवर होतं. दादाचे ओठ हलायचे आणि शब्द सावकाश मागून यायचे. स्थिर ठेवलेल्या फ्रेम रेटने आपले गुण दाखवायला सुरुवात केली होती. चित्र पुढे धावत होतं, आवाज धापा टाकत मागे, आणि दोघांतलं अंतर वाढतच चाललं होतं.

"हा लहानपणापासून असाच," आई म्हणाली. "आधी तोंड उघडतो, बोलायचं काय ते मग सुचतं."

पडद्यावरचा दादा सांगत होता, की आईला त्याने नव्या स्कूटरवरून गावभर फिरवलं, आणि ती स्कूटर अजून त्याच्याकडे आहे. इतकं झालं तोवर चित्रातला दादा उठून गेलासुद्धा, आणि रिकाम्या खुर्चीवर पदर सावरत वहिनी येऊन बसल्या. आवाज मात्र दादाचाच होता:

"...आता सुरू व्हायला वेळ लागतो. आवाज फार करते. धूरही सोडते. लोक म्हणतात, काढून टाक. पण इतकी वर्षं सांभाळली, आता कोण घेणार?"

ताई तोंडात ओढणी कोंबून हसायला लागली. दाजी सोफ्याच्या मागे वाकले.

"अगं, स्कूटर! स्कूटरबद्दल बोलतोय मी!" दादा उभा राहून ओरडला.

"ऐकलं मी," वहिनी म्हणाल्या. "कोण घेणार, तेही ऐकलं."

या गोंधळात वहिनींच्या बोलण्याची सुरुवात कुणाला ऐकूच आली नाही. फक्त टीव्हीला कान लावून बसलेल्या टेक्निकलला आली. वहिनी आईच्या गुडघ्यासाठी घरी येणाऱ्या फिजिओथेरपीवाल्या मुलीचं कौतुक करत होत्या. हसणं ओसरलं, सगळ्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि नेमक्या त्याच क्षणी चित्र बदललं. खुर्चीवर आता धाकटी होती. आवाज वहिनींचा होता:

"...येते, आपलं काम करते, जाते. उलटून एक शब्द नाही. आईंना ज्या मायेने तिने पुन्हा पायावर उभं केलं, तसं पोटच्या लेकीनेही केलं नसतं."

पडद्यावरच्या धाकटीने डोळे टिपले. त्या दिवशी तिला सडकून सर्दी झाली होती, शिवाय दाजी बटण दाबून गेले की न दाबता, हे न कळल्यामुळे ती नुसतीच बसून होती. पण ते आता कोण आठवणार? आवाज पुढे म्हणाला:

"तोंडावर मी कधी बोलले नाही. चूक माझीच. पण तिचे उपकार आहेत या घरावर."

धाकटीने नाक पुसलं, खाली पाहिलं आणि हळूच मान हलवली. कसलेल्या दिग्दर्शकालाही हे साधलं नसतं.

'पोटच्या लेकीनेही' हे शब्द ताईला टोचले होते, पण आईचे डोळे भरलेले बघून तिने विषय काढला नाही. टेक्निकलच्या घशाशी सत्य आलं होतं. 'थांबा, हे फिजिओबद्दल आहे' एवढंच म्हणायचं होतं. त्याने सोफ्याकडे पाहिलं. खरी धाकटी खऱ्या वहिनींकडे बघत होती. शिट्टी बदलल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याने सत्य गिळलं.

"मनात एवढं होतं, तर बोलायचंस गं," आई वहिनींचा हात धरून म्हणाली. "मला ठाऊकच होतं."

वहिनींनी तोंड उघडलं, पण त्यातून काहीच आलं नाही. त्यांचाही आवाज मागे राहिला असावा. "चहा टाकते," एवढंच शेवटी त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

आत भांडी वाजली. एक कप्पा उघडला, मिटला. इकडे पडद्यावर दाजी हात जोडून बसले होते आणि धाकटीच्या आवाजात विचारत होते, "सुरू झालंय का हे? मी अजून किती वेळ बसू?" पण हसण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. वहिनी बाहेर आल्या, त्या चहाशिवाय. त्यांच्या मुठीत मऊ फडक्यात गुंडाळलेली कुकरची शिट्टी होती, घासूनपुसून लखलखीत.

"ही तुझी," त्या धाकटीला म्हणाल्या. "फडताळामागे पडली होती. आत्ताच सापडली."

फडताळामागे पडलेल्या वस्तूला स्वतःभोवती फडकं कसं गुंडाळता आलं, हे कुणी विचारलं नाही. धाकटीने शिट्टी घेतली. "मी येऊ का आत, मदतीला?"

टेक्निकल सवयीने उठला. "वहिनी, ती विचारतेय की—"

"ऐकलं मी, भाऊजी. तुम्ही बसा खाली."

दोघी आत गेल्या. मग चहा आला, त्यात साखर दोनदा पडली होती.

टेक्निकलचं मन मात्र त्याला खात होतं. त्याने ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागातल्या त्याच माणसाला पुन्हा गाठलं, 'स्थिर'ऐवजी 'बदलता' घेतलं, पुन्हा दुपारभर माउस हलवला, आणि या वेळी व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. ओठ आणि शब्द गळ्यात गळा घालून चालले होते. आयुष्यात पहिल्यांदाच तो खरोखरचा टेक्निकल झाला होता. तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, त्या व्हिडिओत आवाज मागे पडत होता ना?"

"हो वहिनी! पण आता दुरुस्त झालंय. एकदम परफेक्ट!"

"कुणाला दाखवलंत?"

"अजून नाही."

"मग झालेलं नाही."

"अहो, झालंय! माझ्यासमोर चालू आहे—"

"नाही जमलं तुम्हाला, भाऊजी," वहिनी प्रेमाने म्हणाल्या. "खूप प्रयत्न केलात, पण नाही जमलं. आणि हे तिला सांगू नका."

त्याने फोन ठेवला, तर दारात धाकटी उभी. "वहिनी होत्या ना? दुरुस्त करू नका म्हणाल्या?"

"तुला कसं कळलं?"

"अहो, मी कधी आईंना पायावर उभं केलंय? त्यांच्या दुखण्यात मी दोनदा जाऊन सफरचंदं ठेवून आले. आणि उलटून शब्द नाही म्हणे, मला? ती फिजिओवाली मुलगी होती हे मला तिथेच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या तरी बोलल्या का? सगळ्यांदेखत 'हे हिच्याबद्दल नाही' एवढं म्हणायला काय लागत होतं? नाही म्हणाल्या. मला तेवढं पुरे." ती वळली आणि पुन्हा थांबली. "मला कळलंय, हे त्यांना सांगू नका."

टपालखातं बंद झालं म्हणून टेक्निकल खूश होता. आता त्याच्याकडे दोन पत्रं होती, आणि दोन्ही पोचवायची नव्हती.

त्याने परफेक्ट फाइल पुसून टाकली आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'खूप प्रयत्न केला, आवाज दुरुस्त झाला नाही.' दादाने लगेच उत्तर दिलं, 'वाटलंच होतं.' ताईने लिहिलं, 'याचं नाव उगाच टेक्निकल ठेवलं.' पुढच्या आठवड्यात दादाकडचा रिमोट पुन्हा बिघडला, तेव्हा फोन दाजींना गेला. दाजींनी सेल उलटे घातले, पण तरीही नाव आता त्यांच्याकडेच राहिलं.

माजी टेक्निकल संध्याकाळी पेपर वाचत बसला होता. स्वयंपाकघरात धाकटी खांद्याने कानाशी फोन दाबून खुदुखुदु हसत होती. "काय सांगता, वहिनी!" तेवढ्यात गॅसवरचा कुकर फुसफुसला. त्याने पेपरावरून डोकावून पाहिलं. शिट्टी उचलली गेली आणि वाजली. वाफ आणि आवाज अगदी एकाच वेळी आले होते.