पत्रे वर, सासूबाई खाली

दारात मिनी ट्रॅक्टर असला की माणसाला गडीमाणसांची गरज उरत नाही, असं माझं ठाम मत होतं. 'होतं' म्हणतोय, ध्यानात घ्या!

माझ्या सासूबाई, लंकाबाई, लोणीला एकट्याच राहायच्या. सासरे गेल्यापासून आमची उज्ज्वला त्यांच्या मागं लागली होती, "आये, महाळुंग्याला आमच्याकडं ये." पण म्हातारी मानी! "जावयाच्या उंबऱ्याशी पडून ऱ्हायची न्हाई," हे एकच पालुपद. शेवटी मीच फोनवर म्हणालो, "मामी, तुमच्यासाठी स्लॅबवर येगळी खोली बांधतो. तुमचं दार, तुमची कडी, आतनं लावा न्हाईतर भायरनं!" तेव्हा कुठं त्या तयार झाल्या.

भिंती झाल्या, छपराचे पत्रे आले. उद्या मामी येणार आणि पत्रे अजून अंगणात! मजूर सगळे कांदा काढणीला गेलेले.

"आळीतली चार माणसं बोलवा," उज्ज्वला म्हणाली. "एकेक पत्रा वर देत्याल."

"माणसं कशाला? आपला ट्रॅक्टर हाय की!"

"त्यो काय जिना चढणार व्हय?"

"तू नुस्ती बघ!"

स्लॅबच्या कडेनं एक लोखंडी पाइप बाहेर काढून करकचून बांधला. त्याला विहिरीवरची कप्पी अडकवली. दोराचं एक टोक पत्र्यांच्या गठ्ठ्याला, दुसरं ट्रॅक्टरच्या मागं. ट्रॅक्टर पुढं गेला की गठ्ठा वर! एवढं सोपं. उज्ज्वलेला वर उभं केलं, इशारा करायला. फक्त कुठल्या इशाऱ्याला थांबायचं, ते ठरवायचं राहिलं.

ट्रॅक्टर अंगणाच्या चढावर निघाला. मागं वळून बघतो तर गठ्ठा असा डौलात वर चाललेला, जणू मामाच्या हाताला धरून नवरी बोहल्याकडं निघालीय! वरून उज्ज्वला दोन्ही हात जोरजोरात हलवत होती. मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक चाललंय. मी आणखी रेटला.

खण्णकन आवाज झाला! गठ्ठ्याची कड छज्ज्याला खालून धडकली. मी घाबरून ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं, गिअर निसटला. हँडब्रेक म्हणाल तर तो आमच्याकडं शोभेपुरताच. किल्ली फिरवली, तर ट्रॅक्टरनं नुसती ढेकर दिली. म्हणजे आता वर लोंबकळता गठ्ठा, इकडं मागं घसरू बघणारा ट्रॅक्टर आणि दोघांच्या मध्ये माझा एक पाय! ब्रेकवरून तो काढला की पत्रे धाडकन खाली.

आणि नेमका तेव्हाच फाटकाशी दुधाचा पिकअप थांबला. त्यातून कोण उतरावं? मामी! एक दिवस आधी! लेकीच्या ओढीनं म्हातारीला उद्यापर्यंत दम निघाला नव्हता. डोईवर पदर, हातात पत्र्याची पेटी, तोंडभर हसू. माझ्याकडं बघतच आल्या आणि पेटी ठेवली ती बरोब्बर गठ्ठ्याखाली!

"मामी!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. "तिथं थांबू नका! माघारी जा! माघारी!"

मामींचं हसू मावळलं. "काय म्हणालं पावणं?"

"आदी माघारी जा! मग बोलू!"

मामी मटकन पेटीवर बसल्या आणि पदर डोळ्याला लावला. "पाणी न्हाई, बस न्हाई, आल्या पावली माघारी जा म्हंत्यात! उज्जे, कुठंशी हायेस गं?"

रडण्याचा आवाज ऐकून शेजारच्या ठकूबाई कुंपणापाशी आल्या. त्यांना आगीत तेल ओतायला फार लांब जावं लागत नाही. "आगं बया, जावई ट्रॅक्टरवरनं उतरला बी न्हाई! सासू दारात आन ह्यो आपला शिटावर बसून!"

"ठकूकाकी, उतराय येत न्हाई मला!"

"का? पाया पडायला लाज वाटती व्हय?"

पलीकडच्या घरातून भगवंत धावत आला. मी त्याला म्हणालो, "भगवंता, दगड आण! मोठा बघून आण, पळ!"

"दगड?" मामी किंचाळल्या. "आता दगड मारून हाकलणार व्हय मला?"

"रामनाथभाऊ," भगवंत गंभीर झाला, "ह्ये काय बरं न्हाई राव. आईच्या ठिकाणी हाय ती."

"आरं येड्या, चाकाला लावायला!"

माझा पाय एव्हाना शिलाई मशीनसारखा थडथडत होता. मामी जागच्या हलेनात. तेवढ्यात उज्ज्वला जिन्यावरून धापा टाकत खाली आली. "आये, ऊठ आदी तिथनं!"

"तूबी नवऱ्याच्याच बाजूची!"

"आगं वर बघ!"

मामींनी वर बघितलं. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण गुडघेदुखीची बाई एवढी चपळ पळू शकते यावर माझे डोळे विश्वास ठेवेनात. डोळे मिटून उघडले, तर मामी ठकूबाईंच्या ओसरीवर!

भगवंतानं धोंडा आणला. "लावला चाकाला! सोडा बिनघोर!"

मी पाय काढला. धोंडा त्यानं चाकाच्या पुढं लावला होता. ट्रॅक्टर निघाला मागं! गठ्ठा खाली आला आणि मामींच्या पेटीवर असा बसला, की पेटीची ताटली झाली. आतल्या, उन्हाळाभर जपून केलेल्या कुरडयांचा चुरा अंगणभर पसरला. आमच्या कोंबड्यांनी लगेच पंगत धरली.

मामी ओसरीवरून उतरल्या. लाल डोळे, कमरेला खोचलेला पदर. आता आपलं काही खरं नाही, असं म्हणत मी माफी मागायला ट्रॅक्टरवरून खाली उतरलो. पण ब्रेक दाबून दाबून पाय पार बधिर झालेला! जमिनीला टेकला कधी तेच कळलं नाही, आणि मी लांबच्या लांब पालथा पडलो. कपाळ थेट मामींच्या पायावर!

मामी दचकून खाली वाकल्या.

"आरं माझ्या लेकरा!" मामींचा आवाज भरून आला. "एवढ्यासाठी साष्टांग नमस्कार? ऊठ बाबा, ऊठ! कुरडया काय, पुन्यांदा करीन!"

मला उठता येत नव्हतं. त्यांना वाटलं, मी पाय सोडत नाहीये. त्या आणखीच रडल्या. उज्ज्वला रडली. ठकूबाईसुद्धा नाक पुसायला लागल्या. मग सगळ्यांनी मिळून एकेक पत्रा जिन्यावरून हातोहात वर दिला. चहा उकळेपर्यंत काम संपलंसुद्धा!

आता मामी वरच्या खोलीत मजेत आहेत. येईल त्याला जावयाच्या साष्टांग नमस्काराची गोष्ट सांगतात. पाय बधिर झाल्याचं मी अजून बोललो नाही. इतक्या प्रेमानं सांगतात, मोडवत नाही. पण आळीतल्या बायका आता आपापल्या नवऱ्यांना म्हणतात, "बघा जरा रामनाथभाऊंकडं!" परवा भगवंताची सासू आली होती. बायकोनं त्याला भर अंगणात पालथं पडायला लावलं. तेव्हापासून भगवंत माझ्याशी बोलत नाही!