घरचा काटा नॉर्मल

दाब या विषयात मला कोणी शिकवू नये! बावीस वर्षं मी कारखान्याच्या बॉयलरवर आहे. काचेवर नुसती टिचकी मारली तरी काटा खरं बोलतोय की थापा मारतोय, ते मला कळतं. त्यामुळे शाळेच्या नर्सबाईंनी बोलावून आमच्या चिरंजिवांचा रक्तदाब एकशे अठ्ठेचाळीस असल्याचं सांगितलं, तेव्हा मी आधी त्यांच्या यंत्राकडे पाहिलं.

"बाई, काटा चुकलाय तुमचा!"

"तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलाय. पाच मिनिटं शांत बसवून, दंडाच्या मापाचा पट्टा लावून. या वयात बहुतेकदा काही जाणवत नाही, पण आतल्या आत मूत्रपिंडावर, हृदयावर ताण येतो. लगेच डॉक्टरांना दाखवा."

"पंधरा वर्षांच्या पोराला कसला आलाय रक्तदाब? त्याला परीक्षेचंसुद्धा टेन्शन येत नाही!"

चिरंजीव खाली मान घालून उभे होते. डॉक्टरांकडे अर्थातच गेलो नाही. मी काट्याचं यंत्र विकत आणलं.

आता, नवा काटा आला की कारखान्यात आम्ही तो खात्रीच्या काट्याशी ताडून पाहतो. घरात खात्रीचं काय? मी! आयुष्यात दवाखान्याची पायरी चढलेलो नाही. म्हणजे माझा दाब एकशे वीस, यात वादच नाही. पट्टा मला लावला. काटा एकशे बासष्टवर! कोरं यंत्र आणि बेचाळीसची चूक! स्क्रू ड्रायव्हर काढला आणि काट्याला वठणीवर आणलं.

"अहो, पट्ट्यात हवा नसतानाही काटा शून्याच्या खाली कसा?" बायकोने विचारलं.

"विश्रांती घेतोय तो!"

चिरंजिवांचा दाब आला एकशे आठ. मी विजयी मुद्रेने वही आणली. रोज संध्याकाळी मोजायचं आणि त्याने सुवाच्य अक्षरात लिहायचं. वही पाहूनच माझं पोट भरायचं.

मग हौसेने बायकोचा दाब मोजला. चौऱ्याहत्तर! या आकड्याला माणूस आडवा पडतो आणि ही तर खुर्चीवर चढून पंखा पुसत होती.

"मला काही होत नाहीये हो!"

"तेच तर भयंकर आहे!"

दाब कमी, म्हणजे मीठ वाढवा! दोन्ही वेळच्या जेवणात दुप्पट मीठ, शिवाय सकाळी ग्लासभर मिठाचं पाणी. आणि मी काही पक्षपाती बाप नाही, त्यामुळे एक ग्लास चिरंजिवांनाही. तोंड वाकडं करून, पण निमूटपणे प्यायचा बिचारा.

बाराव्या दिवशी शेजारचे शिंपीकाका सहज डोकावले. तेही सापडले. सत्तर!

"काका, हलू नका!"

"अरे, पण मी ठणठणीत—"

"बोलूही नका!"

त्यांना जमिनीवर झोपवून पाय खुर्चीवर ठेवले. धडधाकट आलेला माणूस पाहता पाहता घामाने थबथबला. लिफ्ट बंद होती. चिरंजिवांनी त्यांना पाठुंगळी मारून तीन मजले उतरवलं आणि आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी काकांना तपासून घरी जायला सांगितलं. त्यांची नजर मात्र कोपऱ्यात कपाळ दाबून बसलेल्या आमच्या मुलावर होती. त्याला अर्धा तास शांत बसवलं आणि दोनदा मोजलं. एकशे अठ्ठावन्न. मग त्यांनी पट्टा मला लावला. एकशे सहासष्ट.

बायकोने सगळं सांगितलं. काटा, स्क्रू ड्रायव्हर, मीठ. सांगताना तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"हे वडिलांकडून आलेलं असू शकतं," बाई म्हणाल्या. "त्याच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या करू. मीठ आजपासून कमी."

म्हणजे बापाने मुलाला दोन गोष्टी दिल्या. एक आजार आणि तो लपवायचं यंत्र.

"डोकं दुखतं का रे?" बाईंनी त्याला विचारलं.

"हो. आठ-दहा दिवस."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"घरचा काटा नॉर्मल होता." तो अगदी सरळ म्हणाला. "बाबांचा काटा चुकत नाही. मला वाटलं, माझं डोकंच खोटं दुखतंय."

डॉक्टरीणबाईंनी मला फैलावर घेतलं असतं तर बरं झालं असतं हो! त्यांनी नुसता दुसरा कागद ओढला आणि माझं वय विचारलं.