धुऱ्याकडे पाह्य!

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी यवतमाळच्या धावपट्टीवर तुम्ही आला असता, तर आमचे नामदेवराव सर विमानाच्या पंखांना तूप-हळद चोळताना दिसले असते. बैलांची खांदशेकणी करतात ना, अगदी तशी, पळसाच्या पानाने. वर आग्रहाचं निमंत्रण : "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!" पोळ्याला विमानाला सुट्टी. मेकॅनिक बिचारा कपाळावर हात मारून दोन दिवस तूप पुसत बसे.

सर मुकुटबनकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. उभं आयुष्य विमान उडवायला शिकवण्यात गेलं, पण जीव वावरातच. रेडिओवर फाडफाड इंग्रजी, बटण सोडलं की अस्सल वऱ्हाडी.

मी त्यांची विद्यार्थिनी, कळंबची. आमच्या घराण्यात सगळे कारकून. आजवर उडाले ते फक्त टेबलावरचे कागद. मी उडायला चटकन शिकले, उतरणं मात्र जमेना. जमीन जवळ आली की नजर नाकासमोरच्या डांबराला चिकटायची, घाबरून मी विमानाचं नाक उचलणारा दांडा लवकर ओढायचे आणि विमान धप्पकन आपटून बेडकासारखं उड्या मारायचं.

"धुऱ्याकडे पाह्य, बाई, धुऱ्याकडे!" सर ओरडत. धुरा म्हणजे शेताचा बांध. धावपट्टीला कुठला आलाय धुरा?

सोबतचे सगळे एकट्याने विमान उडवून आले. उरले मी. बाबांचा फोन आला, "नसेल जमत तर परत ये, बी.एड. करून टाक." मी खरंच बॅग भरली.

सर म्हणाले, "जाजो. पण आधी माह्यासंग वावरात चाल."

आपल्या भावाच्या वावरात त्यांनी बैलजोडीमागे माझ्या हाती नांगर दिला. मी फाळाकडे डोळे लावून चालले. मागे वळून पाहते तर नांगराचा तास हा असा वाकडातिकडा. बैलसुद्धा ओशाळले असावेत.

"पायापाशी काहून पाहून राह्यली? धुऱ्यावरची ते बाभूय पाह्य. तास आपोआप सरका येते."

बाभळीवर नजर ठेवली आणि तास सरळ आला. डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी उतरताना मी धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाकडे पाहिलं. चाकं कधी टेकली कळलंही नाही. पुन्हा एकदा तसंच. मग सर दार उघडून खाली उतरले. "जाय आता एकटी."

एक फेरी मारून मी एकटीने विमान उतरवलं. सोबतची मुलं टाळ्या पिटत होती. सर कुठे? ते हँगरपाशी, भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून उभे.

"सर, पाहिलंत ना?"

"नाही पाह्यलं," बाहीने डोळे पुसत ते म्हणाले. "एकटं उतरताना मले कोणाचंच पाह्यवत नाही. इंजिनाचा आवाज थांबला का समजतो, लेकरू घरी आलं."

सरांनी लग्न केलं नव्हतं. त्यांच्या खोलीत त्यांची वाट पाहणारं कुणी नव्हतं. ते मात्र इतकी वर्षं आम्हा प्रत्येकाची अशी वाट पाहत आले होते. मी पाया पडले.

"उठ, चाय पाज," सर म्हणाले. "घशाले कोरड पडली माह्या."